तिसऱ्या बाकाखालची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. चर्चमधल्या तिसऱ्या बाकाला, अगदी खाली, मला बिजागरीवर बसवले आहे. प्रार्थनेच्या वेळी लोक मला आडवी करतात आणि माझ्यावर गुडघे टेकतात. चेहरे मला फारसे दिसत नाहीत, पण गुडघे मी बरोबर ओळखते हं!

सुतारकाकांनी मला घडवले तेव्हा माझा काय थाट होता! अंगावर मऊ गादी, वर तपकिरी रेक्झिन. "चला, गुडघ्यांची चैन झाली," असे फादरसुद्धा हसून म्हणाले होते. पुढे रेक्झिन फाटले आणि पोटातला स्पंज बाहेर डोकावू लागला. मुले तो उपटत बसायची. मोठी माणसे मला बुटानेच ढकलायची.

एक शिंपीणबाई मात्र दुकान उघडण्याआधी रोज सकाळी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येत. गुडघे टेकून देवाला घरची सगळी खबर देत. एके दिवशी त्यांचा वायरमन नवरा शिडीवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. "देवा, माझ्या माणसाला पायांवर उभं कर," असे त्यांनी माझ्यावर टेकून रडत रडत मागितले. महिने गेले. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता चालणे नाही.

त्या दिवसापासून बाईंनी गुडघे टेकणे सोडले. यायच्या रोज, पण हाताची घडी घालून ताठ बसायच्या. रुसवाच तो! उद्या या यायच्याच बंद झाल्या तर, या विचाराने माझा जीव खालीवर व्हायचा.

एका सकाळी मिस्सा संपल्यावर त्यांची नजर माझ्याकडे गेली. "अगं बाई, काय ही दशा!" असे म्हणत त्यांनी पिशवीतून जाड सुईदोरा काढला आणि जमिनीवर बसून मला शिवायला घेतले.

"हे फाटकं मला बघवत नाही, आणि तुला माझं घर बघवतं होय रे?" त्या वेदीकडे बघून फणकाऱ्याने म्हणाल्या. चारपाच टाके पडले. मग आवाज उतरला. "माझा दादा रोज येऊन ह्यांना आंघोळ घालतो. शेजारीण न सांगता डबा ठेवून जाते. काल हे किती दिवसांनी हसले! हे सगळं तूच करतोस ना? आणि मी मेली नुसती पायांकडेच बघत बसले."

सुई थांबली. बाई केव्हा गुडघ्यांवर आल्या, ते त्यांचे त्यांनाही कळले नाही. माझे नवे टाके पार भिजले.

रविवारी बाकाशेजारी एक चाकांची खुर्ची येऊन थांबली. बाई माझ्यावर टेकल्या.

"माझ्या वाटचंही टेक गं," नवरा हळूच म्हणाला.

"टेकते की! पण फादर बोलताना डुलक्या घ्यायच्या नाहीत."

मित्रांनो, त्यांचे पाय काही परत आले नाहीत. तरी देवाने त्या घरावरची नजर एक दिवसही काढली नव्हती. माझ्यासारख्या लाकडाला हे कळले, तुम्हाला का कळणार नाही? मला हाताने हळूच आडवी करा आणि टेका. देवावर रुसला असाल, तरी या. रुसायलासुद्धा इथेच यायचे असते.