धुतलेल्या गोण्या

आप्पांच्या दहाव्याला आईने सगळं घर धुऊन काढलं आणि मग तळ्याचा ड्रमही धुतला.

तळं म्हणजे सानपाड्यातल्या आमच्या रो-हाउसच्या पुढच्या अंगणात आप्पांनी बांधलेला सिमेंटचा हौद. कमरेइतका खोल, एका कडेला कर्दळ, आत कोई जातीचे केशरी-पांढरे मासे. कांदा-बटाटा मार्केटातला गाळा सोडला त्या वर्षी त्यांनी तो बांधला. जन्मभर कोरडा माल हाताळला, आता जरा ओलं काहीतरी हवं, म्हणाले.

हौदाशेजारी निळा ड्रम होता. पंप हौदातलं पाणी उचलून त्यात टाकी. आत आप्पांनी कांद्याच्या जाळीदार गोण्या गुंडाळून ठासल्या होत्या. त्यांतून झिरपत पाणी पुन्हा हौदात उतरे. गोण्या मूळच्या लाल, पण त्यांवर तपकिरी, बुळबुळीत थर चढला होता. आई त्याला घाण म्हणे. ड्रममध्ये हात घातला की कोपरापर्यंत साबण लावल्याशिवाय ती आप्पांना स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देत नसे.

गोण्या असूनही पाणी हिरवं राहायचं, म्हणून मी पुण्याहून त्यांना यूव्ही दिवा पाठवला होता. एक काळं नळकांडं, आत दिवा. पाणी त्याच्यावरून गेलं की हिरवेपणा आणणारं तरंगतं शेवाळ मरतं आणि गाळणीत अडकतं. थोड्याच दिवसांत तळ दिसू लागला. तेव्हापासून फोनवर माझा प्रश्न ठरलेला असे.

"आप्पा, पाणी कसं आहे?"

"आरशासारखं. पण राजी, तुझ्या दिव्यानं पाणी दिसायला चांगलं झालं. मासं जगवायचं काम गोण्याच करत्यात. त्या चिकट थरात जीव असतो बघ, डोळ्याला न दिसणारा. माशाच्या घाणीचं विष होतं, ते तो खाऊन टाकतो."

मी "हं" म्हणे. बहुतेक वेळा माझ्यासमोर काहीतरी उघडं पुस्तक असे, आणि तो "हं" त्यांना कसा वाटत असेल याचा विचार मी आता करते.

दहाव्याला मी घरातच होते. आईने गोण्या नळाखाली धरून दगडावर आपटल्या, घासल्या आणि कपड्यांच्या दोरीवर उन्हात टाकल्या. गोजरा आत्या, म्हणजे आप्पांची थोरली बहीण, पायरीवर बसून बघत होती.

"आता कशा नव्यागत दिसत्यात," ती म्हणाली.

"इतकी वर्सं मागं लागले होते, एकदा धुऊ द्या म्हणून," आई म्हणाली. "त्यांचं सगळं धुऊन झालं. कापडं झाली, अंथरूण झालं. एवढंच राहिलं होतं. आता नको म्हणायला हाय कोण?"

मी दोरीकडे पाहिलं. लाल रंग इतका ताजा होता की लहानपणचं मार्केट आठवलं. तेवढंच आठवलं. दुसऱ्या दिवशी आईने वाळलेल्या गोण्या पुन्हा ड्रममध्ये भरल्या आणि पंप सुरू केला.

तेराव्याला सकाळी आईने मला अंगणात हाक मारली. सगळे मासे वर आले होते, तोंडं पाण्याबाहेर काढून. पाणी मात्र कधी नव्हे इतकं नितळ होतं, तळाशी पडलेला कर्दळीचा दांडासुद्धा स्पष्ट दिसत होता.

"भुकेलेत," आई म्हणाली. "परवापास्नं मुठीनं घालतीया, तरी वरच येत्यात." तिच्या हातात नैवेद्याच्या ताटातली पुरणपोळी होती. तिने तुकडा मोडून पाण्यात सोडला. एकही मासा त्याच्याकडे वळला नाही. तुकडा फुगला आणि सावकाश खाली गेला. तिने दुसरा सोडला.

"शिवत न्हाईत गं, राजी."

"आई, असू दे."

"कावळा तर लगेच शिवला होता. मग ह्यांचं काय राहिलंय? सांग की, काय राहिलं त्यांचं?"

मी वाकून बघितलं. माशांचे कल्ले भराभर उघडमिट करत होते. सगळ्यात जुना पांढरा मासा, ज्याच्या कपाळावर एकच केशरी ठिपका होता आणि ज्याला आप्पा पाटील म्हणत, तो कडेला तिरका झाला होता. मला दोरीवरच्या गोण्या आठवल्या आणि त्यांच्यामागोमाग आप्पांचं फोनवरचं बोलणं, जे मी ऐकलंच नाही असं मला वाटत होतं.

"आई, खायला घालू नकोस. अजिबात."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. "आज तेरावा हाय. आजच्या दिवशी त्यांच्या माशांच्या तोंडचा घास काढतीस? पुण्याला ऱ्हाऊन हेच शिकलीस?"

कारण सांगायचं म्हणजे गोण्यांचं सांगावं लागलं असतं. पाहुण्यांसाठी आदल्या रात्री साठवलेलं पाणी मी बादल्यांनी हौदात ओतू लागले आणि मधल्या वेळात घरामागे जाऊन जवळच्याच शिरवणे गावातल्या गोटीराम काकांना फोन लावला. ते आप्पांचे मित्र. त्यांनी आपल्या बंगल्यापुढे तळं केलं तेव्हा आप्पांनी ड्रममधल्या दोन गोण्या त्यांना दिल्या होत्या, शेजाऱ्याला विरजण द्यावं तशा.

"काका, त्यातली एक परत मिळेल का?"

"पोरी, डरम धुतला का कुनी?"

"हो."

"कुनी?"

"मी," मी म्हणाले.

काका आले तोवर पाटील गेला होता. आईने त्याला कर्दळीखाली पुरलं. त्याच्यावर माती सारताना ती पुन्हा तेच पुटपुटत होती, काय राहिलं, काय राहिलं. काकांनी रिक्षातून झाकण लावलेली बादली उतरवली आणि अंगणात ठेवली. मला बघताच ते सुरू झाले.

"काय गो, येवढी शिकलीस, येवढी पुस्तकां वाचलीस, आन गोनी धुतलीस? तुजा बापूस मला काय बोलायचा? गोटीराम, सगलं धू, गोनी नको धू. मी येकदा नुसता नल लावला तर दोन दिस माज्याशी बोलला नाय. बायको रुसली तर परवडल, पर ह्यो!"

"काका, हळू."

"हलू काय? ह्या गोनीवर मासं जगतान. ती मेली का पानी दिसतं काचंसारकं, आन आत जहर."

आई कर्दळीपाशी उभी होती. तिच्या हातांना माती होती. तिने आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. काय सांगायला, ते मलाही कळलं नाही.

"तिनं न्हाई धुतल्या," आई म्हणाली. "मी धुतल्या."

काकांचा हात बादलीच्या झाकणावरच राहिला.

"वयनी, उनाचं पन होतं असं," ते म्हणाले. "ऊन बग ना कसलं हाय."

"ऊन न्हाई, भावजी." तिचा आवाज नेहमीचाच होता. "ते मला न्हाई म्हणायचे. का न्हाई, ते म्या कधी इचारलंच न्हाई."

काकांनी झाकण काढलं. त्यांच्या तळ्याच्या पाण्यात बुडवून आणलेली गोणी होती, काळपट तपकिरी, रंग ओळखू न येणारी. वास अंगणभर पसरला. तळाशी बसलेल्या गाळाचा, ओल्या पानांचा, थोडासा मातीचा. आई पुढे आली आणि मी हात पुढे करायच्या आत तिने ती दोन्ही हातांनी उचलली. पाणी तिच्या कोपरांवरून नव्या लुगड्यावर ओघळलं.

"धुऊ नको," काका उगीचच म्हणाले.

"न्हाई धूत."

ड्रममधली एक लाल गोणी काढून तिने ही तिच्या जागी बसवली. चार बोटांनी कडा आत दाबल्या, आप्पा दाबायचे तशाच. इतकी वर्षं ती ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत आली असणार. काका म्हणाले, हिचा थर बाकीच्या गोण्यांत भिनायला दिवस लागतील, तोवर खायला नाही, पाणी रोज थोडं बदलायचं, त्यातूनही किती वाचतील सांगता येत नाही.

आत पानं मांडून झाली होती. गोजरा आत्या तांब्या आणि साबण घेऊन दारात आली.

"सत्यभामे, हात धू आन चल. मंडळी खोळंबल्यात."

आई हौदाच्या काठावर बसली. तिने त्याच हातांची ओंजळ नाकाजवळ नेली आणि तशीच धरून ठेवली.

"तुम्ही वाढा," ती म्हणाली. "मी येते मागनं."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हातातला तांब्या घेतला आणि साबणासकट आत नेऊन ठेवला.