एका कापडावर एकदाच

मित्रांनो, स्केलाडेल गावच्या सभागृहात चहाच्या खिडकीशेजारी एक लांब, दातेरी फळी भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. येणारेजाणारे तिच्यावर ओले कोट टाकतात. एकजण तर रोज तिच्यावर पाठ खाजवतो. ती फळी म्हणजे मी.

मी मूळची कुठल्या जहाजाची, ते मला ठाऊक नाही. एका वादळानंतर समुद्राने मला या बेटाच्या किनाऱ्यावर टाकले. समुद्राने दिलेले लाकूड इथे कुणी वाया घालवत नाही. एका सुताराने मला घरी नेले, तासले आणि माझ्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत खाचा पाडल्या. मग त्याने मला आपल्या सुनेच्या हवाली केले. तिचे नाव मार्साली.

मी कशासाठी होते ते सांगते. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड विरळ आणि खरखरीत असते. ते ओले करून, एखाद्या फळीवर तासन्‌तास आपटून मळले की दाट होते. मग त्यातून वारा जात नाही, पाऊस जात नाही. ते कशात ओले करत, हे मात्र विचारू नका. बरे, सांगूनच टाकते. घरोघरी पिंपात साठवलेली लघवी असे ती. नाक मुरडू नका, त्या कापडाचे कोट घालून तीन तीन पिढ्या मासेमारीला गेल्या आहेत.

माझ्या दोन्ही बाजूंना सहा सहा बायका बसत. कापडाची दोन टोके शिवून त्याचा मोठा वेढा केलेला असे. तो वेढा आपटत, रगडत, सूर्याच्या चालीने एकीकडून दुसरीकडे सरकवत न्यायचा. आणि गायचे. न गाता कापड मळणारी बाई मी पाहिली नाही. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी धृपद घ्यायचे. धृपदाला काही अर्थ नसे, नुसते 'हो रो' आणि 'हू ओ', पण ते बाराही जणींना पाठ असे. ओळी मात्र जिचे गाणे तिच्याकडेच राहत. कापड किती मळायचे राहिले, हेही गाण्यांवरच मोजत. मार्साली मधल्या बोटाने कापडाची रुंदी मापायची आणि म्हणायची, "अजून तीन गाणी लागतील गं बायांनो."

या कामाचा एक नियम होता. एका कापडावर एक गाणे एकदाच म्हणायचे. तेच गाणे पुन्हा म्हटले, तर ते कापड जो अंगावर घालील त्याचे वाईट होते, असे सगळ्या मानत.

मार्सालीचे स्वतःचे एक गाणे होते. तिनेच रचलेले. ते सुरू झाले की बायकांचे हात आपोआप हलके पडत, एवढे मला कळे. ओळी काय होत्या, ते मला सांगता येणार नाही. मी फळी आहे. गाणे चालू असताना माझ्यावर चोवीस हात आपटत असतात. धृपद बाराजणी ओरडून म्हणतात, म्हणून ते माझ्यापर्यंत पोहोचते. एकटीचा आवाज पोहोचत नाही. बायका दम खायला थांबल्या म्हणजेच मला माणसांचे बोलणे ऐकू येई. सगळ्यांत जवळ मी असे आणि ओळी तेवढ्या मलाच ऐकू येत नसत.

एका वर्षी मार्सालीच्या मोठ्या मुलाच्या, टॉर्किलच्या कोटाचे कापड होते. त्याची सात वर्षांची बहीण डोलिना माझ्या टोकाशी बसली होती. शेवटचे गाणे संपले. मार्सालीने बोटाने मापले, तर कापड अजून अंगठाभर रुंद. कुणालाच नवे गाणे आठवेना.

"आई, तुझंच म्हण ना पुन्हा," डोलिना म्हणाली.

"गप गं! तसं म्हणायचं नसतं."

"एकदाच. मला आवडतं."

एकजण हसून म्हणाली, "म्हण गं बाई, दिवसभर आपटून हात तुटले. समुद्राला काय कळतंय, एकदा म्हटलं का दोनदा!"

मार्साली हसली. तिने ते गाणे पुन्हा म्हटले.

मार्च महिन्यात टॉर्किलची बोट परतली नाही. वाऱ्याने नेली की कशाने, ते मी सांगू शकत नाही. मी समुद्रातून आलेले लाकूड आहे. समुद्र गाणी मोजत बसत नाही, असे मला वाटते. पण सात वर्षांच्या मुलीला हे सांगणार कोण?

पुढे गिरण्यांतून मळूनच कापड येऊ लागले. बायका उठून गेल्या. मला आधी गोठ्यात ठेवले, मग बोटी ओढायच्या उतारावर टाकले. शेवटी मी फ्लोरी नावाच्या बाईच्या खुराड्यात पोहोचले. तिथे माझ्या खाचांत कोंबड्यांची पिसे आणि आणखी बरेच काही साचले. चाळीस वर्षांत माझ्यावर एकही गाणे झाले नाही. कोंबड्या बोलतात पुष्कळ, पण एका सुरात कधीच नाही.

मग उना आली. ही शहरात वाढलेली मुलगी इथल्या एका मासेमाराशी लग्न करून गावात राहिली होती. बंद पडलेले सभागृह तिने उघडायला लावले. तिथे बुधवारी टोपल्या विणायचे वर्ग होऊ लागले, शनिवारी चित्रे, थंडीत सूतकताई. ऑक्टोबरात कलामेळा. पहिल्याच मेळ्यात तिला कापड मळण्याची कार्यशाळा घ्यायची होती. त्यासाठी फळी हवी होती.

फ्लोरी म्हणाली, "फळी आहे माझ्याकडे. पण माझ्या कोंबड्यांना विचारावं लागेल."

मला घासून सभागृहात आणले. तोवर डोलिना ऐंशी पार करून गेली होती. तिने माझ्यावरून बोट फिरवले आणि एका खाचेवर थांबली. तिथे एक लहान खळगा आहे.

"आईची अंगठी," ती म्हणाली. "ती कधी काढायचीच नाही."

मेळ्याच्या दिवशी गावातल्या बायका माझ्याभोवती बसल्या आणि मी पुन्हा ओली झाले. उनाने गरम पाणी आणि साबण आणला होता. फ्लोरीने नाक वर केले. "साबण? या वासानं कापडाला शिंका येतील. थांबा, माझ्या म्हाताऱ्याला बोलावते, तो भरून देईल बादली!" सगळ्या खो खो हसल्या.

डोलिनाने पाच गाणी म्हटली. सहावे तिच्या आईचे. मी ते ओळखले, हात हलके पडले म्हणून. किती वर्षांनी! मित्रांनो, लाकूड सुकले की त्याला काही वाटत नाही, असे तुम्हाला वाटत असेल, तर ते खरे नाही.

गाणे संपले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उनाने आपला फोन उचलला. गाणे साठवून ठेवायला तिने तो चालू करून ठेवला होता. ठेवला होता कुठे? माझ्याच टोकावर! तिने कानाला लावला आणि तिचा चेहरा पडला. धृपद होते. मध्ये नुसते धपाधप, धपाधप. मला जेवढे ऐकू येते तेवढेच त्या फोनलाही आले होते.

"डोलिनामावशी, एकदाच पुन्हा म्हणा ना. फोन मी हातात धरते."

"दुसरं कापड आण, म्हणते."

"दुसरं कुठून आणू? हे विणायलाच अख्खी थंडी गेली आमची."

"मग पुढची थंडी आहेच की."

"गिरणीतलं आणलं तर?"

"मळून आलेल्याला काय मळायचं, पोरी? आणि कापड हातात नसलं की मला ओळच सुचत नाही. घरी चुलीपुढं बसून पाहिलंय मी. दुसऱ्या ओळीला हात कापड शोधायला लागतात."

"मावशी, हे गाणं तुमच्याशिवाय कुणालाच येत नाही. आणि तुम्ही असल्या समजुती धरून बसलाय!"

डोलिनाने कापडाचा काठ उचलला. "हे कापड कुणाच्या कोटाचं?" एवढेच विचारले.

"माझ्या नवऱ्याच्या."

"बोटीवर असतो ना तो?"

"हो."

डोलिनाने कापडावरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले.

सगळ्या चहाला गेल्यावर उना एकटीच मला पुसत होती. पुसणे कसले, रागाने घासत होती. डोलिनाने दुसरे फडके घेतले आणि दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. मध्यावर दोघींची गाठ पडली, तेव्हा डोलिनाने तिला टॉर्किलचे सांगितले. कोट, बोट, मार्च महिना, सगळे.

"आईनं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही," ती म्हणाली. "पण त्यानंतर दर कापडाला ते गाणं ती एकदाच म्हणायची, आणि संपलं की माझ्याकडे बघायची. मी आता पुन्हा 'म्हण' म्हणते का काय, म्हणून."

उनाच्या हातातले फडके थांबले. तिने ते घडी करून ठेवले. मग म्हणाली, "पुढच्या ऑक्टोबरात, मावशी. नवं कापड."

"पुढच्या ऑक्टोबरात," डोलिना म्हणाली. "आणि तो फोन फळीवर ठेवू नकोस. माझ्या तोंडाशी धर."

थंडीभर सभागृहात चाती फिरत होती. बायकांनी लोकर पिंजली, खडकावरच्या शेवाळाने ती विटकरी रंगवली, मग माग लावला. मी भिंतीला टेकून हातभर हातभर वाढणारे कापड पाहत होते. डोलिना दर शनिवारी येऊन चुका काढायची. वसंतात ती एका शनिवारी दोनदा आली. सकाळी येऊन गेल्याचे ती विसरली होती. मग एकदा तिची किटली चुलीवर जळाली. मग फ्लोरीला तिने 'तू कुणाची गं?' असे विचारले. फ्लोरीने त्याची थट्टा केली, "तुझ्याच शेजारची, साठ वर्षं कटकट करणारी!" पण त्या दिवशी ती चहा न घेताच घरी गेली. उन्हाळ्यात डोलिनाला बंदरगावच्या वृद्धाश्रमात ठेवले.

उनाने घाई केली. रात्रंदिवस माग चालवला म्हणा ना. पण लोकर घाईने वाढत नाही आणि सूत घाईने चांगले निघत नाही. कापड मागावरून उतरले ते ऑक्टोबरातच.

मेळ्याच्या दिवशी डोलिनाला गाडीतून आणले. तिला तिच्या जागी, त्या खळग्यासमोर बसवले. कापड तिच्या हातात दिले आणि हात लगेच चालू लागले. एकही ठोका चुकला नाही. उना तिच्याशेजारी फोन तिच्या तोंडाशी धरून बसली. बायकांनी त्या गाण्याचे धृपद धरले. हात हलके पडले. ओळीची जागा आली.

डोलिना गायली नाही.

पुन्हा धृपद. पुन्हा ओळीची जागा. नुसते ठोके. मग बायका थांबल्या.

"का थांबलात?" डोलिनाने विचारले.

उना हळूच म्हणाली, "मावशी, ओळ तुम्ही म्हणायची ना."

"मी? मी कशी म्हणू? मी लहान आहे." ती दाराकडे पाहू लागली. "आई अजून आली नाही वाटतं. ती आली की म्हणेल. तोवर चालू ठेवा, कापड गार होतंय."

फ्लोरीने डोळे पुसले आणि पहिला ठोका टाकला. त्यांनी चालू ठेवले. धृपद सगळ्यांनी म्हणायचे आणि ओळीच्या जागी कुणीच गायचे नाही, फक्त कापड आपटायचे. अकरा ओळींचे ते गाणे. अकरा वेळा ती जागा आली आणि गेली. प्रत्येक वेळी डोलिना मान कलती करून ऐकत होती.

गाणे संपले, तशी ती उनाकडे वळली. तिचा चेहरा उजळला होता.

"ऐकलंस? किती गोड गाते माझी आई!"

"हो," उना म्हणाली. "फार गोड."

"पण पुन्हा म्हणायला सांगू नकोस हं तिला."

"नाही सांगणार, मावशी."

त्या थंडीत डोलिना गेली. फोनमध्ये अकरा रिकाम्या जागा आहेत, आणि त्यांच्यानंतर तिचे ते बोलणे. उनाने ते पुसलेले नाही. उनाचा नवरा पहिल्या कापडाचा कोट घालून समुद्रावर जातो आणि परत येतो. स्केलाडेलच्या बायका दर ऑक्टोबरात नवे कापड मळतात. त्यात एक गाणे असे असते की त्याचे धृपद बाराजणी म्हणतात आणि ओळींच्या जागा तशाच मोकळ्या सोडतात. पाहुणे विचारतात, इथे गप्प का झालात? फ्लोरी म्हणते, "ऐका की जरा."

मित्रांनो, मला तेल लावा, ओले कोट माझ्यावर टाकू नका, असे मी म्हणणार नाही. कोट टाका, मला सवय आहे. मागायचे आहे ते वेगळेच. तुमच्या घरात कुणाच्या तोंडी एखादे गाणे असेल, तर ते तोंडाजवळ कान नेऊन ऐका, आणि याच वर्षी ऐका. लांबून, मधल्या गडबडीतून ऐकाल, तर माझ्यासारखे फक्त ठोके तुमच्या वाट्याला येतील. मी ते ठोके अजून मोजते. अकराही ओळींचे ठोके मला पाठ आहेत, आणि त्यांतला एक शब्दही मला माहीत नाही.