लाल शाईची फुली

आमच्या पेपरात देवाधर्माचं काही छापायचं असलं की साहेब ते आधी माझ्या टेबलावर पाठवायचे. मी प्रूफं तपासणारी बाई, चुका काढायचं माझं काम. पण अख्ख्या ऑफिसात नेमाने प्रार्थनेला जाणारी मी एकटीच. म्हणून साहेबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, माझ्या भावना दुखावल्या नाहीत तर गावात कुणाच्याच दुखावणार नाहीत. मी बरोबरची खूण केली की मजकूर मशीनवर, लाल फुली मारली की कचऱ्यात. अकरा वर्षं हेच चाललं होतं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता.

त्या दिवशी आग्याची बातमी आली. आग्या म्हणजे आमचा वार्ताहर. एकदा डसला की सोडत नाही म्हणून हे नाव. बातमी आमच्याच प्रार्थनाघराची. वरच्या सज्जात आम्ही बायका बसतो, त्याच्या तुळया वाळवीने पोखरल्यात. सज्जा बंद करा म्हणून इंजिनियरने दोनदा लेखी कळवलंय आणि विश्वस्तांनी दोन्ही पत्रं दाबून ठेवलीत. पत्रांचे फोटो होते, तुळईचा होता. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त वर ठळक मथळा, ‘देवाच्या घराला वाळवी’.

माझं डोकंच फिरलं. "अरे, देवाला कशाला मध्ये ओढतोस?"

"मावशी, मथळा बदला हवा तर, पण बातमी जाऊ द्या," आग्या म्हणाला. "दोनशे बायका बसतात वर. तुम्ही बसता, तुमच्या जाऊबाई बसतात."

"तीस वर्षं बसतोय. काही होत नाही आम्हाला."

खरं सांगू? भावनाबिवना काही नव्हतं. आता विश्वस्तांच्या बायकांसमोर कुठल्या तोंडाने जायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मथळ्याचे तीन शब्द खोडले असते तर भागलं असतं. मी पानभर फुली मारली, खाली लिहिलं, ‘भावना दुखावतात, छापू नये’, आणि सही ठोकली. आग्याने पान उचललं आणि साहेबांकडे नेऊन दिलं.

पुढचे दोन आठवडे मी हट्टाने त्याच सज्जात बसले. शेजारी जाऊबाई, नेहमीसारख्या कठड्याला टेकून. त्यांना मी एका शब्दाने बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी विश्वास ठेवला असता, आणि मग मला फुलीचंही सांगावं लागलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात मी तापाने घरी होते. जाऊबाई एकट्याच गेल्या. सज्जा कोसळला. दोघीजणी जागच्या जागी गेल्या. जाऊबाई वाचल्या, पण कंबरेखाली पाय हलत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघरात मला सासूच्या तोंडी पडू न देणारी ही बाई. माझी दोन्ही बाळंतपणं हिनं काढली.

मी ऑफिसात गेले ती तडक साहेबांच्या खोलीत. "आग्याची बातमी छापा. आत्ताच्या आत्ता!"

साहेबांनी खण उघडला आणि माझंच पान माझ्यापुढे ठेवलं. "आधी माहीत होतं, तर गप्प का बसलात, असं लोक विचारणार. मग काय हे दाखवू, बाई?"

"दाखवा! माझं नाव घालून दाखवा."

"तुमचं काय जातंय? पेपर माझा आहे. लोक दुःखात आहेत, आत्ता वाळवीबिळवी काढली तर जाळतील आपल्याला." आणि त्यांनी दुसरा मजकूर पुढे सरकवला. विश्वस्तांचा फोटो, त्यांचं सांत्वन, दोन कॉलम नुसतं हळहळणं. "हे तेवढं नजरेखालून घाला. कुणी दुखावणार नाही ना?"

कागद फाटेपर्यंत फुली मारली मी. ‘भावना दुखावतात, छापू नये.’ खाली सही.

दुसऱ्या दिवशी सगळं जसंच्या तसं छापून आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझी फुली कुणी जुमानली नाही. आग्याने त्याच सकाळी टेबल आवरलं. "येतो, मावशी," एवढंच म्हणाला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं मेल्यानं.

संध्याकाळी हॉस्पिटलात गेले. जाऊबाई उताण्या पडलेल्या, चष्मा पडताना फुटलेला. शेजारच्या खाटेवर आमचा पेपर होता.

"वाच गं, काय लिहिलंय आमच्याबद्दल?"

मी वाचत गेले. शेवटची ओळ होती, ‘सज्जा धोकादायक असल्याची कोणालाही कल्पना नव्हती.’ तीही मी वाचली.

"खरंय बाई," जाऊबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात धरला. "नाहीतर तू मला जाऊ दिलं असतंस होय?"

मी पेपरची घडी घातली.

"नाही," म्हटलं. "कशी जाऊ देईन?"