पायाची ट्यूब

“खिडकीपाशी बसायचं आन् खिडकीच लावून घ्यायची. मग बसावं की मधी, पोत्यागत.”

शेजारची म्हातारी हे आम्हाला म्हणाली नाही. मांडीवरच्या पिशवीतल्या मेथीच्या जुडीला सांगावं तसं म्हणाली. तिचंही चुकत नव्हतं. फेब्रुवारी सरत आलेला, ऊन तापलेलं, एस.टी. खच्चून भरलेली, आणि आमच्या सगूनं काच ओढून घेऊन वर पदर नाकापर्यंत ओढलेला. सगूशेजारी मी आणि माझ्याशेजारी ही म्हातारी. राहुरी सोडल्यापासून तिघी एकमेकींच्या घामात बसलो होतो.

पुढच्या बाकावरून आक्का वळली. “वाऱ्यानं तोंड फुटतं पोरीचं, आजी. डॉक्टरनं सांगितलंय.”

डॉक्टरनं काहीच सांगितलं नव्हतं. त्याच्याकडे तर आत्ता चाललो होतो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण छबूबाई, आणि सगुणा तिची लेक, एकोणिसाची. मी गोजर, सगूची मावशी. नवरा गेल्यापासून देवळाली प्रवऱ्यात आक्काच्या शेजारच्या खोलीत राहते नि शिवणयंत्रावर पोट भरते. म्हणूनच असेल, सगूच्या गालावरचं ते प्रकरण मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा कापडासारखंच दिसलं. वापरून वापरून झंपर विरतो आणि आतले टाके वरून दिसायला लागतात ना, तसं. नाकपुडीच्या कडेनं सुरुवात होऊन दोन्ही गालांवर बारीक लाल-जांभळे दोरे. रक्ताच्या शिराच त्या, पण केसाएवढ्या बारीक.

आणि रविवारी पाहुणे यायचे होते. आज होता गुरुवार.

सोयरीक पुंजारामभाऊजींनी, म्हणजे सगूच्या आप्पांनी आणली होती. मुलगा कानिफनाथ, साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर कारकून. घर चांगलं, माणसं मोजकी. भाऊजींनी तिकडे सांगून ठेवलं होतं, मुलगी निमगोरी आहे. आमच्या घरात ‘काळा’ हा शब्द तव्याला, मातीला आणि शेजारच्या मांजराला लागतो. सगूला नाही. सगू लहानपणी ‘उन्हात खेळते’ होती, मग ‘गव्हाळ’ झाली, आणि लग्नाची झाली तशी निमगोरी. मी स्वतः बारा वर्षं तिला मोतिया नि फिक्कट गुलाबी झंपर शिवले. कुणी विचारलंच, तर “तिला फिकाच रंग खुलतो,” म्हणायची. का खुलतो ते कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

माझ्या कनवटीला एक रिकामी ट्यूब होती. घरून निघताना मी ती खोचली होती, आणि वाटेत चार वेळा काढून फेकावी वाटलं होतं. खिडकी बंद होती म्हणून राहिली.

झालं असं. गेल्या श्रावणात माझ्या पायाला इसब झाला. छगन कंपाउंडरनं एक ट्यूब दिली. पंधरा दिवसांत इसब गेला, आणि घोट्याभोवतीची कातडी अशी उजळली, की तो पाय दुसऱ्याच कुठल्यातरी बाईचा वाटावा. मी त्या पायाकडे बघितलं, मग अंगणात धुणं वाळत घालणाऱ्या सगूकडे बघितलं. अक्कल असती तर पायाचं पायावरच ठेवलं असतं. मी दुसऱ्या दिवशी छगनकडे जाऊन आणखी एक ट्यूब आणली आणि सगूला म्हणाले, “झोपताना लाव. बोटभर. आईला सांगू नगं.”

आक्काचं स्वतःचं साय-हळद चालू होतंच. दिवाळीला सगू अशी उजळ दिसली, की आक्कानं सगळ्या गल्लीला सायीचं माहात्म्य ऐकवलं. घरोघरच्या लेकरांच्या भाकरीवरची साय त्यांच्या ताईंच्या तोंडावर गेली. मुलाची आई दिवाळीतच देवळात सगूला बघून गेली आणि मान डोलावली. मी आतून फुगले होते. श्रेय आक्का घेत होती तर घेऊ दे म्हटलं.

संक्रांतीनंतर दोरे उगवले. घाबरून ट्यूब थांबवली, तर तिसऱ्या दिवशी सगूचं तोंड तव्यावर धरल्यासारखं लालभडक. आग आग. परत लावली, निवलं. मग थांबवायची तरी कशी? गल्लीतली कडूबाई म्हणाली, जळवा लावा, वाईट रक्त वढून घेत्यात. आक्का म्हणाली, चुलीची धग लागली असंल, आणि सगूला चुलीपासून उठवलं. मग म्हणाली, चहा बंद. मी यंत्राचं पायडल मारत बसायची, सुई तुटेस्तोवर.

“मावशी,” सगू पदरातून हळू बोलली, “त्यानं मला काट्यावर बघितलंय. परवाच्या साली. आप्पांची भाकर घिऊन गेल्ते तवा. मागं वळून बघत हुता.”

“कोन?”

“आता कोन म्हंजे! तवा ट्यूब नव्हती.”

“गाडीत ट्यूब म्हणू नगंस,” मी म्हटलं, आणि कनवटीला हात लावला.

म्हातारीनं मेथीला सांगितलं, “तोंड झाकून बोलत्यात आन् कान मातर उघडं ठिवायचं आपन.”

नगरला माळीवाड्यात उतरलो. आक्काच्या हातात रिकामी कापडी पिशवी होती. गल्लीत सांगितलं होतं, कापडबाजारात चाललो. दवाखाना एका सायकलच्या दुकानावर, माडीवर. खाली पाटी, ‘चर्मरोग व गुप्तरोग’. आक्कानं ती वाचली आणि पाऊल मागं घेतलं.

“हितं? कुनी बघितलं तर?”

“बघनाराबी हितंच आलेला असंल की,” मी म्हटलं.

“तू गप. सगे, पाटीकडं बघू नगं. सरळ चढ.”

वरती बाकावर चार पुरुष बसले होते, आणि चौघंही चार वेगवेगळ्या भिंती बघत होते. आम्ही पाचवी भिंत शोधली. आक्काचं गुडघा हलवणं चालू होतं. मी खिळे मोजले, पंखा बघितला, ट्यूब चाचपली. आत गेल्यावर डॉक्टर विचारणार, काय लावता? मग मी काय सांगणार? आणि नाही सांगितलं तर? पोरीचं तोंड माझ्या पायापेक्षा स्वस्त होतं का? असं मनात चाललेलं, तेवढ्यात हाक आली.

डॉक्टर पन्नाशीचे, शांत. सगूनं पदर खाली घेतला. त्यांनी भिंगातून बघितलं, मग काचेची एक छोटी पट्टी गालावर दाबली. दोरे गेले. पट्टी उचलली. दोरे परत आले.

आक्का पुढं वाकली. “दाबून ठिवलं तर जात्याल का?”

“नाही बाई,” डॉक्टर हसले. “शिरा रुंदावल्यात, म्हणून वर दिसतात. काय लावता तोंडाला?”

“साय. हळद. दुसरं कायबी न्हाई,” आक्का म्हणाली.

“तुम्ही कोण?” त्यांनी मला विचारलं.

“मी शिवणकाम करते,” मी म्हटलं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग सांगायला लागले. पायाच्या फुगलेल्या शिरांना इंजेक्शन देतात, पण चेहऱ्याला ते करायचं नाही, जोखीम आहे. चेहऱ्याला बारीक सुई असते, विजेची. एकेका शिरेला टोचायची, शीर करपते. थोडी खपली धरते, आठ-दहा दिवसांत पडते. सगळं एका वेळी होत नाही, चार-पाच खेपा लागतात, आणि नवीन शिरा येणारच नाहीत असं कुणी सांगू शकत नाही.

“रविवारपत्तुर?” आक्कानं विचारलं.

“रविवारपर्यंत फक्त झाकता येईल. हिरवट पावडर मिळते. ती आधी लावायची, तिच्याखाली लाली दबते. वरून आपली नेहमीची. नाटकवाले करतात.”

“हिरवं तोंड घिऊन पाव्हण्यांफुडं? पोरगी हाय का राघू?”

सगू फसकन हसली. कितीतरी दिवसांनी हसली होती. दोऱ्यांसकट बरी दिसली.

डॉक्टरांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं नि चित्रं दाखवली. सुईच्या आधी, सुईच्या नंतर. सगळे गाल साहेबांचे आणि मडमांचे, सोललेल्या गाजरासारखे गुलाबी.

“आता हे बघा, ह्यांना डाग राहत नाही. पण काही... काही वर्णाच्या कातडीवर सुईच्या जागी ठिपका राहतो. कधी कायमचा. तुमच्या मुलीच्या बाबतीत...” ते थांबले. चष्मा पुसायला लागले.

“निमगोरी हाय ती,” आक्का म्हणाली.

“हं,” डॉक्टर म्हणाले. “तसं.”

त्यांनी पुस्तक मिटलं. “बाई, साय-हळदीनं हे होत नाही. ही कातडी पातळ झालीये. मलमानं अशी होते. कुठलं, किती दिवस, हे कळल्याशिवाय मी सुई हातात घेणार नाही. पातळ कातडीत सुई घातली तर खड्डा पडेल. तो तुमच्या-माझ्या नाही, हिच्या तोंडावर.”

पंखा कुरकुरत होता. मी कनवटीची ट्यूब काढली आणि टेबलावर ठेवली. पिळून पिळून चपटी झालेली.

“माजी हाय,” मी म्हटलं. “पायाची. श्रावणापासून मी दिली तिला. आक्काला ठावं न्हाई.”

आक्काकडे बघायचा धीर नव्हता. ती ओरडेल, टेबलावर हात आपटेल, असं वाटलं. ती पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत राहिली.

“ठावं हुतं,” ती म्हणाली. “तुज्या शिवणाच्या डब्यात बघितली हुती मी. दसऱ्यालाच. तुजी संपाय लागली म्हनून छगनकडनं मीबी आनली. हिच्या उशाखाली ठिवली.”

“आक्का!”

“मंग? एकट्या सायीनं हुतंय व्हय?”

“म्हणजे दोन?” डॉक्टरांनी सगूला विचारलं.

“दोन,” सगू म्हणाली. “मावशीची झोपताना. आईची उठल्यावर. एकमेकीला सांगू नगं म्हनल्या दोघी. मी न्हाई सांगितलं.”

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. ट्यूब हळूहळू सोडवावी लागेल म्हणाले. महिना-दीड महिना आग होईल, सोसावी लागेल. वर्षभरात कातडी सावरली तर बऱ्याचशा शिरा आपोआप मिटतील, राहतील त्यांचं पुढं बघू. कागदावर लिहायला लागले, आणि मध्येच मान वर केली.

“पण मुळात कशासाठी लावलं? कातडीला रोग काय होता?”

“पुटकुळ्या,” मी म्हटलं.

“ऊन,” आक्का म्हणाली, त्याच क्षणी.

पेन कागदावर तसंच थांबलं. डॉक्टर एकदा माझ्याकडे, एकदा आक्काकडे बघत होते, आणि त्यांनाही उत्तर माहीत होतं हे मला दिसत होतं. चष्मा त्यांनी पुन्हा हातात घेतला. बाहेर कुणीतरी खोकलं.

सगूनं खांद्यावर घसरलेला पदर उचलला नाही. दोन्ही हात टेबलावर ठेवले, मिटलेल्या पुस्तकाशेजारी.

“रोग कायबी नव्हता, डॉक्टर. मी काळी हाय. तेवढंच. आता सांगा, काळ्या कातडीला तुमची ती सुई चालती का न्हाई?”