अडीच माणसांची खोली

मी एक जुना पत्र्याचा बिल्ला आहे, मित्रांनो. तळहाताएवढा, गोल, चार खिळ्यांनी दाराला ठोकलेला. ते दार आता भंगारवाल्याच्या आवारात भिंतीला टेकून उभं आहे आणि त्याच्याबरोबर मीही, कारण माझे खिळे काढायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. अंगावर हिरव्या रंगाचे चार थर चढलेत. ते खरवडले तर खाली माझा आकडा दिसेल: अडीच.

माझा जन्म ग्लासगो शहरातल्या एका कारखान्यात झाला. तेव्हा तिथे एकेका खोलीत दहा-दहा माणसं कोंबलेली असत आणि साथ आली की मुलं पटापट मरत. म्हणून आरोग्य खात्याने खोल्या मोजल्या आणि कुठे किती जणांनी झोपायचं तो आकडा दारादारावर ठोकला. मोठं माणूस म्हणजे एक, आठ वर्षांखालचं मूल म्हणजे अर्धं. नव्याची नवलाई होती, मी मोठ्या ऐटीत असायचो. मी माणसांचा श्वास राखतोय असं मला वाटायचं. हेतू चांगलाच होता, त्याला मी आजही नावं ठेवत नाही.

माझ्या दाराआड एफी लॅमंट ही विधवा बाई राहायची, तिचा म्हातारा बाप डूगल आणि मुलगी कर्स्टी. खोलीच्या पुढच्या बाजूला, रस्त्यावर, एफीचं दुधाचं दुकान होतं. दोन मोठी माणसं आणि एक लहान मूल, म्हणजे बरोबर अडीच. मग कर्स्टीला आठ वर्षं पूर्ण झाली आणि अडीचाचे तीन झाले.

मोठी खोली एफीच्या आवाक्याबाहेरची होती. कोणाला तरी बाहेर पडावं लागणार होतं आणि ते डूगललाच, थेट गरीबखान्यात, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयगृहात. तिथे गेलेला म्हातारा शवपेटीतूनच परत येतो, असं आमच्या गल्लीत म्हणत. एफीने त्यावर एक उपाय काढला. कर्स्टी सात वर्षांचीच राहिली. अशी दोन वर्षं गेली. तिला बरोबरीच्या मुलींत खेळायला सोडत नसत, उंची दिसेल म्हणून. माझ्यामागून तिचा चेंडू भिंतीवर आपटल्याचा आवाज यायचा, तासन् तास.

आरोग्य निरीक्षक रेनीसाहेब अधूनमधून भल्या पहाटे यायचे, माणसं अंथरुणात सापडावीत म्हणून. आधी डोकी मोजायची, मग दुकानात जाऊन दुधाच्या डब्यांची झाकणं, भिंतीचा चुना आणि एफीची नखं बघायची.

"पोरगी किती वर्षांची?" ते विचारायचे.

"सात, साहेब," एफी म्हणायची.

"गेल्या वर्षीही सातच होती. लग्नही सातव्याच वर्षी लावणार वाटतं!"

"आम्ही बेटावरची माणसं, साहेब," डूगल पांघरुणातून म्हणायचा. "आमच्याकडे वर्षं जरा लांबलचक असतात."

साहेब हसून जायचे. मी मात्र हसू शकत नव्हतो. जी गोष्ट मोजायला मला लावलं होतं, तीच माझ्यामागे रोज खोटी होत होती.

तिसऱ्या वर्षी, हिवाळ्यात, कर्स्टीचा घसा सुजला. एफीने जुन्या लोकरी मोज्यात गरम मीठ भरून तिच्या गळ्याला बांधलं. दुसऱ्या दिवशी अंगभर लाल पुरळ उठलं. नियम सगळ्या गल्लीला पाठ होता: घरात लाल ताप आला तर लगेच कळवायचं आणि दूध विकायचं नाही, कारण तो दुधातूनही पसरतो. पण कळवलं की इस्पितळाची गाडी येणार, डॉक्टर पोरीला उभी करून तपासणार आणि तिचं वय उघडं पडणार. वय उघडं पडलं की बाप गेलाच.

"थंडी बाधलीय तिला, दुसरं काही नाही," एफी म्हणाली.

"हो, थंडीच," डूगल म्हणाला. दोघांनाही खरं काय ते कळलं होतं.

तीन दिवस एफी कर्स्टीच्या कपाळावरची ओली घडी बदलायची आणि त्याच हाताने दुकानात दूध मापायची. मी तीन दिवस ऐकत होतो. माझ्यासमोरून मुलं रिकामी भांडी घेऊन जायची, भरलेली घेऊन परत यायची. एकाला जरी थांबवता आलं असतं! तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय म्हणायचं त्याला?

चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या मिसेस टेट भांडं घेऊन आल्या.

"आज अर्धं माप जास्त दे गं एफी. आमच्या अ‍ॅलेकचा घसा धरलाय, अंगावर लाल लाल आलंय. तुझ्या दुधाशिवाय तोंडात काही घेत नाही पोरगा."

एफीने भरलेलं भांडं त्यांच्या हातातून ओढून घेतलं. मग एकेक डबा उचलून तिने सगळं दूध गटारात ओतलं.

"अगं, वेड लागलं का तुला? एवढं चांगलं दूध!"

"चांगलं नाहीये ते," एफी म्हणाली आणि डोक्यावर शालही न घेता रेनीसाहेबांच्या कचेरीकडे धावत सुटली.

गाडी आली. साहेबांनी दारातच वही उघडली. "नाव कर्स्टी लॅमंट. वय?"

"सात लिहा," डूगल घाईने म्हणाला. "एफी घाबरलीय, तिचं ऐकू नका."

"दहा," एफी म्हणाली. "गप्प बसा, बाबा. औषध दहा वर्षांच्या पोरीचं मिळायला हवं तिला."

साहेबांनी दहा लिहिलं. अ‍ॅलेकलाही त्याच गाडीतून नेलं. तो नवव्या दिवशी गेला. मिसेस टेट त्यानंतर आमच्या दाराकडे कधी वळून बघत नसत आणि एफी जिन्यावर त्यांची पावलं वाजली की खोलीतला दिवा मंद करायची.

कर्स्टी वाचली. ती सहा आठवड्यांनी घरी यायची होती. त्याच्या आदल्या दिवशी डूगलने आपलं बोचकं बांधलं.

"बाबा, मी साहेबांच्या पाया पडते," एफी म्हणाली.

"त्यांच्या पाया पडून खोली वाढणार आहे का? पोरीला ताठ उभं राहू दे आता," तो म्हणाला आणि कचेरीतून येणाऱ्या नोटिशीची वाट न बघता निघून गेला.

कर्स्टी आली. खोलीत बघून पुन्हा दारात आली. "आजोबा कुठायत?"

एफीने सांगितलं. पोरगी बराच वेळ माझ्यावरचा आकडा बघत राहिली. मग म्हणाली, "आई, मी परत सातची होते. आण ना त्यांना."

मित्रांनो, दूध झाकून ठेवा, ताप लपवू नका, हे मी सांगणारच. त्याची किंमत अ‍ॅलेकने मोजली. पण कोणाच्या दारावर आकडा ठोकायला गेलात, तर हातोडी उचलण्याआधी एवढं विचारा, की जे माणूस जास्त भरेल, त्याने जायचं कुठे?