सायन्सची जागा

रिझेलला दहावीत इतके मार्क पडतील असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं, आणि पडले तेव्हा आनंद राहिला बाजूला, सगळ्यांची पंचाईतच झाली. तिच्या बाईंनी परस्पर शहरातल्या शाळेत, अकरावी सायन्सला, तिचं नाव घातलं. सरकारी शाळा, राहायला वसतिगृह, फी नाही. फक्त ठरलेल्या शुक्रवारपर्यंत स्वतः जाऊन सही करायची, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. पोरीला डॉक्टर व्हायचं होतं आणि त्यासाठी सायन्सच हवं होतं.

गावातल्या शाळेत सायन्स नव्हतंच. तिथे अकरावीला दोनच गोष्टी शिकवत, वेल्डिंग आणि रुग्णसेवा. मुलगे वेल्डिंग शिकून जहाजांच्या कारखान्यात जात आणि मुली रुग्णसेवा शिकून परदेशातल्या म्हाताऱ्यांच्या उशाशी. समार बेटाच्या किनाऱ्यावरचं हे गाव आपले म्हातारे शेजाऱ्यांवर टाकून जगभरचे म्हातारे सांभाळत होतं. असो, पोट आहे ना.

रिझेलच्या घरात म्हातारा होता आजोबा, आपोलोनियो. झटका आल्यापासून त्यांची डावी बाजू गेलेली, जीभ जड झालेली. रिझेलची आई लहानपणीच वारलेली. बाप क्रिसांतो दिवसभर तीनचाकी रिक्षा चालवायचा. म्हणजे आजोबांना भरवणं, कुशीवर वळवणं, धुणंपुसणं सगळं रिझेलकडे. आणि घर चालायचं ते एर्लिंडा आत्याच्या पैशांवर. ती मिलानमध्ये एका इटालियन म्हाताऱ्याची सेवा करायची.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर आत्याचा व्हिडिओ कॉल आला.

"इथलीच रुग्णसेवा घे," आत्या म्हणाली. "सकाळी शाळा, दुपारी बाबा. दोन वर्षांनी मी तुला इकडे आणते. डॉक्टर होऊन काय करणार आहेस? मनिलाच्या दोन डॉक्टरणी इथे माझ्यासारखीच म्हाताऱ्यांची शी-शूची भांडी उचलतात."

"मला इथेच डॉक्टर व्हायचंय, आत्या."

"आणि बाबांना कोण बघणार? तुझा बाप?"

क्रिसांतो मान खाली घालून म्हणाला, "मी रिक्षा चालवू की पेज भरवू?"

पडद्यापलीकडे खाटेवर आपोलोनियो पडले होते. म्हाताऱ्याची जीभ गेली होती, कान शाबूत होते, हे मात्र सगळे विसरले.

दुसऱ्या दिवसापासून आजोबांनी पेज घेणं बंद केलं. चमचा जवळ आला की ओठ घट्ट मिटायचे. आरोग्यसेविका येऊन बघून गेली. वय झालं, भूक मेली, म्हणाली. क्रिसांतोलाही तेच वाटलं. रिझेलला वाटलं नाही. तिने त्यांना इतकी वर्षं भरवलं होतं. भूक नसलेला माणूस आणि तोंड मिटलेला माणूस यातला फरक तिला कळत होता.

"आजोबा, असा हट्ट करू नका," ती म्हणाली. "मला पाप लागेल."

आजोबांनी उजव्या हाताने वाटी बाजूला सारली आणि जड जिभेने एकच शब्द काढला. "जा."

तिने विनवलं, रागावली, गालाला हात लावून रडली. म्हातारा बधला नाही. बापाला सांगावं असं तिला रोज वाटायचं आणि रोज राहून जायचं. खरं सांगायचं तर शेवटी शेवटी ती वाटी खाटेशी ठेवून उठायला लागली होती. आग्रह करीनाशी झाली होती. पुढच्या सोमवारी सकाळी ती त्यांना कुशीवर वळवायला गेली, तर अंग गार.

रिझेल खूप रडली, आणि रडता रडता तिच्या मनात शुक्रवार होता. त्याची तिला इतकी लाज वाटली की तिने बापाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

आता त्या गावात परदेशातलं घरचं माणूस येईपर्यंत मयत पुरत नाहीत. मयताला औषध टोचून पेटीत ठेवतात, पेटी घरात, आणि दारात मांडव. लोक येतात, पत्ते खेळतात, कॉफी पितात, जपमाळ होते. घरच्यांनी घर सोडायचं नाही, केर काढायचा नाही, घरात आंघोळ करायची नाही, पाहुण्याला दारापर्यंत पोचवायचं नाही. आत्याला सुट्टी मिळत नव्हती. तिच्या म्हाताऱ्याला बदली बाई मिळेना. म्हणून पेटीसमोर स्टुलावर फोन उभा केला होता. आत्या मिलानमधून तिथेच बसून रडायची, कामं करता करता बघायची, आणि कोण आलं, कोण नाही, याचा हिशेब ठेवायची.

गुरुवारी रिझेलने बापाला विचारलं. तो म्हणाला, "सकाळच्या व्हॅनने जा, संध्याकाळच्या आत ये. पालकाची सही मी कागदावर करून देतो."

शुक्रवारी सकाळी ती शेजारच्या घरी आंघोळ करून आली, पिशवी घेतली. मांडव भरलेला. पेटीजवळ फेलिसिदादबाई जपमाळ सांगत होत्या. गावातल्या प्रत्येक मयताची बातमी फादरकडे पोचवणं हे त्यांनी स्वतःकडे घेतलेलं काम.

"रिझेल," स्टुलावरून आवाज आला. "कुठे निघालीस नटूनथटून?"

जपमाळ थांबली.

"शहरात. सही करायला. आजच शेवटचा दिवस आहे, आत्या."

"माझा बाप पेटीत माझी वाट बघतोय. आणि तू शाळेत नाव घालायला चाललीस?" आत्याचा आवाज फाटला. "त्यांचा जीव तुझ्यात होता गं. त्यांनी सांगितलं असतं का तुला, जा म्हणून?"

रिझेलच्या ओठावर उत्तर आलं होतं. त्यांनीच सांगितलं. एवढंच बोलायचं होतं. पण मग कधी सांगितलं, का सांगितलं, सगळंच निघालं असतं. फेलिसिदादबाईंची माळ बोटांत तशीच थांबलेली. म्हाताऱ्याने ठरवून अन्न सोडलं, हे फादरच्या कानावर गेलं असतं तर आपोलोनियोंना चर्चमध्ये घेतलं नसतं, असंच गावात सगळे धरून चालायचे. मागे एका फास घेतलेल्याला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलेलं तिने लहानपणी पाहिलं होतं.

तिने बापाकडे बघितलं. क्रिसांतो कॉफीचे कप गोळा करत होता.

रिझेलने पिशवी खाली ठेवली आणि पेटीजवळ बसली. व्हॅन हॉर्न देऊन गेली, ते सगळ्यांनी ऐकलं. माळ पुन्हा सुरू झाली.

आत्या पुढच्या आठवड्यात आली. चर्चमध्ये मिस्सा झाली, फादरनी पेटीवर तीर्थ शिंपडलं, कुंपणाच्या आत चांगली जागा मिळाली. परत जाण्याआधी आत्या स्वतः रिझेलला गावातल्या शाळेत घेऊन निघाली. रिक्षा क्रिसांतोच चालवत होता. त्या खडखडाटात त्याला मागचं काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं. रिझेलने आत्याला सगळं सांगितलं. मिटलेले ओठ, सारलेली वाटी, तो एक शब्द. तिने आग्रह करायचं सोडलं होतं, तेही.

आत्या तोंडावर रुमाल दाबून हुंदके देत राहिली. रिझेलला वाटलं, आता ही म्हणेल, चल, रिक्षा वळवू, शहरात जाऊ, शाळेतल्या लोकांच्या पाया पडू. जागा गेलेली असली तरी चालेल, एकदा नुसतं म्हणू दे.

शाळेचं फाटक आलं. आत्याने डोळे पुसले.

"हे फादरना माहीत नाही ना?"

"नाही."

"फेलिसिदादला?"

"कुणालाच नाही."

"देवाची कृपा," आत्या म्हणाली, आणि तिचा हात धरून तिला आत घेऊन गेली. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, वेल्डिंग की रुग्णसेवा. आत्याने सांगितलं, रुग्णसेवा, पोरीला अनुभव आहे, आजोबांना हिने शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने भरवलं.