मेंढ्याच्या तंगडीला आराम पडला

बुधवारी सकाळी अर्धं वूरिनबा गाव माझ्या शेताच्या कुंपणाशी जमलं होतं. ब्रदर लेथम नावाचा बाबा लोकांचे आजार उतरवत होता. त्याने कुंपणाच्या तारेला एक चिमुकला दिवा अडकवला होता. ना बॅटरी, ना वीजजोड. रोग्याने दिव्याच्या मोकळ्या वायरचं टोक धरलं की दिवा पेटायचा.

"पेटला! आजार ओढला गेला, बुडासकट!" लेथम गर्जायचा. गेल्या वर्षापर्यंत हा दारोदार व्हॅक्यूम क्लीनर विकायचा. भाषा तीच राहिली होती.

माझ्या बायकोने, थेल्माने, टोक धरलं. दिवा पेटला. घरी येऊन तिने हृदयाच्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. मी समजावलं, भांडलो, शेवटी घाबरलो. दोन दिवसांत तिला अंडी गोळा करतानाही धाप लागायला लागली.

"दिव्याने सांगितलंय, मी बरी आहे," ती धापा टाकत म्हणाली.

शुक्रवारी ब्रॉन्विन आली. टाकीत पाणी किती उरलं ते बिनतारी कळवणारी आमची यंत्रं तीच सांभाळते. मी तिच्यापुढे रडगाणं गायलो.

"पबच्या सोडतीत जिंकलेली मेंढ्याची तंगडी खाल्लीस का रे?"

"फ्रीजमध्ये आहे."

"आण. आणि थेल्मालाही आण."

कुंपणाशी गर्दी होतीच. ब्रॉन्विनने तंगडीचं एक टोक ओल्या मातीत रोवलं, दुसरं दिव्याच्या मोकळ्या वायरला टेकवलं. दिवा लख्ख पेटला.

"अभिनंदन! मेंढ्याला आराम पडला!"

लोक पोट धरून हसले. लेथम पुटपुटला, "मेंढ्याचा आत्मा..."

"तो खाटकाकडेच राहिला, बाबा." तिने टेकडीवरच्या रेडिओच्या मनोऱ्याकडे बोट दाखवलं. "त्या मनोऱ्याच्या लहरी ही दोन किलोमीटरची तार गोळा करते. त्या विजेला जमिनीत जायला वाट मिळाली की दिवा पेटतो. वाट माणसाची असो, नाहीतर मटणाची. टाकीवरची माझी यंत्रंही अशीच हवेतली चिमूटभर वीज टिपतात. तेवढ्यावर पाण्याची खबर कळते. हृदय दुरुस्त होत नाही."

थेल्मा तंगडीकडे बघत राहिली. "ही बरी झाली म्हणता, पण अजून मेलेलीच आहे की!" मग तिने माझा दंड घट्ट धरला. "डॉक्टरकडे ने मला. आत्ता."

लोकहो, दिवा पेटला की हात जोडण्याआधी तो कशाने पेटला ते विचारा. माझी थेल्मा वेळेत वाचली. तुमच्या माणसासाठी कुणी तंगडी घेऊन येईलच, असं नाही.